२०० लिटरचा सोलर बंब: गोव्याच्या न्हाणीत कोणाला परवडतो, कोणाला नाही

म्हापसा, फोंडा, मडगाव, कुठल्याही हार्डवेअरवाल्याकडे सोलर बंब विचारला की बहुधा एकच नग पुढे येतो. २०० लिटर, ५८ मिमी जाडीच्या आणि १८०० मिमी लांबीच्या वीस काचेच्या नळ्या, डोक्यावर आडवी टाकी, प्रेशर नसलेला. स्टँड, प्लंबिंग आणि मजुरी धरून २५ ते ४० हजारांच्या मध्ये कुठेतरी बसतो. दुकानदार सांगतो, तीन वर्षांत पैसे सुटतात. हा हिशेब पुण्याच्या किंवा बेळगावच्या थंडीत कदाचित जुळेल. गोव्यात तो आधी कागदावर मांडून बघावा लागतो.

इथल्या टाकीतले पाणी वर्षाचा बराच काळ २७ अंशांच्या आसपास असते. सत्तरी, धारबांदोड्याकडे जानेवारीच्या पहाटे ते दोन-चार अंश खाली जाते, तेवढेच. आंघोळीला ४० अंश पुरतात. म्हणजे चढवायचे फक्त १३ अंश. एक लिटर पाणी एक अंशाने तापवायला एक किलोकॅलरी लागते आणि ८६० किलोकॅलरी म्हणजे विजेचे एक युनिट. पाच माणसांच्या घरात प्रत्येकी २० लिटरची एक बादली धरली तर १०० लिटर गुणिले १३, म्हणजे १३०० किलोकॅलरी, म्हणजे दिवसाला दीड युनिट. उदाहरणासाठी युनिटला ४ रुपये धरू. खरा दर वीज खात्याच्या बिलावर टप्प्याटप्प्याने दिलेला असतो आणि वाचणारे युनिट नेहमी शेवटच्या, महागड्या टप्प्यातले असते, तेव्हा तोच आकडा घ्यावा. ४ रुपयांनी दिवसाचे ६ रुपये झाले. वर्षातले आठ महिने चांगले ऊन धरले तर सोलरने वाचतात १४४० रुपये. तीस हजारांचा बंब वीस वर्षांत फिटेल, आणि समुद्राकाठच्या हवेत त्याची टाकी वीस वर्षे उभी राहील असे कोणी छातीठोकपणे सांगत असेल तर ते बिलावर लिहून मागावे.

हेच घर शॉवरखाली आंघोळ करत असेल तर चित्र पालटते. साधा शॉवर मिनिटाला ८ लिटर सोडतो. आठ मिनिटांचे ६४ लिटर, पाच जणांचे ३२० लिटर, म्हणजे दिवसाला ४.८ युनिट. आठ महिन्यांची बचत साडेचार हजारांच्या पुढे जाते आणि बंब साडेसहा-सात वर्षांत सुटतो. हे परवडण्यासारखे आहे. तरी त्याआधी दोन-चारशे रुपयांचा, मिनिटाला ६ लिटर सोडणारा शॉवर बसवून बघावा. पाव खर्च तिथेच कमी होतो.

आता प्रत्यक्ष नगाकडे. स्वच्छ उन्हाच्या दिवशी वीस नळ्यांचा हा बंब संध्याकाळपर्यंत पाणी ५० ते ६० अंशांवर नेतो आणि चांगल्या पफची (उष्णता अडवणाऱ्या फोमच्या थराची) टाकी ते पहाटेपर्यंत पाचेक अंशच गमावते. कामगिरीबद्दल तक्रार नाही. तक्रार आहे ती ‘२०० लिटर’ या शब्दांबद्दल. काही उत्पादक नळ्यांतले पाणीही धरून आकडा सांगतात. या मापाच्या एका नळीत पावणेतीन लिटरच्या आसपास पाणी मावते, वीस नळ्यांत ५५ लिटर. ते पाणी तापते, पण नळाला कधीच येत नाही, कारण नळ्या टाकीच्या खाली असतात. मोजपट्टी घेऊन जावे. टाकीचा बाहेरचा व्यास ४६ सेंमी आणि पफ ५ सेंमी असेल तर आतला व्यास ३६ सेंमी. आतली लांबी १५५ सेंमी असेल तर हिशेब येतो १५८ लिटर. हे वाईट नाही, फक्त किंमत १५८ लिटरची द्यावी.

पण १५८ लिटर लागतात तरी कोणाला? ५५ अंशांच्या पाण्यात २७ अंशांचे पाणी मिसळून ४० करायचे तर एक लिटरचे २.१५ लिटर होतात. म्हणजे हा बंब ४० अंशांचे जवळजवळ ३४० लिटर पाणी देतो. पाच शॉवरवाल्यांना तो नेमका पुरतो. पाच बादलीवाल्यांना मात्र टाकीतले ४७ लिटर पुरे होतात आणि बाकीचे शंभरावर लिटर रोज तापून रोज निवतात. बादलीचे घर असेल आणि सोलर घ्यायचाच हट्ट असेल तर दहा नळ्यांचा, १०० लिटरचा घ्यावा. दुकानात तो मागितला की ‘पाहुणे आले तर काय करणार?’ असे विचारतात. गोव्यात पाहुण्यांची खरी गर्दी होते चवथीला. मुंबईची, दुबईची मंडळी गावच्या घरी जमतात, पंधरा-पंधरा माणसे आंघोळीच्या रांगेत असतात आणि बाहेर भाद्रपदाचा पाऊस असतो. त्या दिवसांत २०० लिटरचा काय, ५०० लिटरचा सोलरही कोमटच पाणी देतो. तेव्हा मोठा बंब घेण्याला चवथ हे कारण पुरत नाही.

पावसाळ्याचा प्रश्न बॅकअपने सुटतो असे सांगतात, आणि या नगातली सगळ्यात महागडी चूक तिथेच दडलेली आहे. टाकीतच २ किलोवॉटची कॉइल बसवलेली असते. जुलैत बटण दाबले की ती एका बादलीपुरते पाणी तापवत नाही, अख्खी टाकी तापवते. १५८ लिटर २७ वरून ५० वर न्यायला ४.२ युनिट आणि दोन तासांच्या वर वेळ लागतो. गरज होती दीड युनिटाची. रोज असे केले तर पावसाळ्याच्या चार महिन्यांत सोलर नसलेल्या घरापेक्षा बिल जास्त येते. टाकीतली कॉइल घेऊच नये. त्याऐवजी न्हाणीत ३ लिटरचा किंवा १० लिटरचा छोटा गीझर सोलरच्या लाइनीवर बसवावा आणि तीन व्हॉल्व्हचा बायपास द्यावा. उन्हाळ्यात पाणी गीझरला वळसा घालून जाईल, पावसात गीझरमधून. बायपास हवाच, कारण मेमध्ये सोलरचे पाणी ७० अंशांच्या वर जाऊ शकते आणि बऱ्याच गीझरच्या सील, पाइप व प्लॅस्टिकच्या भागांना इतके तापलेले पाणी आत घेणे मानवत नाही.

नळ्यांची दिशा दक्षिण, उतार २५ ते ३० अंश. गोवा साधारण १५ उत्तर अक्षांशावर आहे, त्यात हिवाळ्यासाठी दहा-पंधरा मिळवायचे. इथे एक गंमत आहे. मेच्या सुरुवातीपासून ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत भर दुपारचा सूर्य आपल्या डोक्याच्या उत्तरेला असतो, म्हणजे दक्षिणेकडे कललेल्या नळ्यांच्या पाठीकडे. त्यातला मे इतका तापलेला असतो की फरक पडत नाही, आणि पुढचे दिवस ढगांचेच असतात. त्यामुळे उतार कमी करून पावसाळ्यात जास्त मिळवू असा विचार करण्यात अर्थ नाही. डिसेंबर-जानेवारीसाठी लावावे. त्या दिवसांत सकाळी ९ ते दुपारी ३ या वेळात माडाची सावली नळ्यांवर येते का ते आधी बघावे. हिवाळ्यात सूर्य खाली असतो आणि दक्षिणेच्या कुळागराची (पोफळीच्या बागेची) सावली बरीच लांब पडते. सावलीचे एक वेळ चालेल, पण माडाखाली बंब नकोच. नारळ तर सोडाच, वाळके चुडत पडले तरी नळी फुटते.

कौलारू छपरावर हा नग चढवू नये. भरलेली टाकी, नळ्यांतले पाणी आणि स्टँड मिळून वजन तीनशे किलोच्या जवळ जाते. वासे आणि रिपा मंगळुरी कौलांसाठी असतात. जागा न्हाणीच्या किंवा गच्चीच्या स्लॅबवर. पाय नुसते टेकवून चालत नाही. काँक्रीटचे चौथरे घालून अँकर बोल्टने धरावेत, कारण जूनच्या पहिल्या वादळात वारा नळ्यांच्या खालून शिरून उचलतो. स्लॅबला भोक पाडले तिथे पाणी मुरणार नाही याची जबाबदारी कोणाची, हे मिस्त्री आणि बंबवाला यांच्यात आधीच ठरलेले बरे.

प्लंबिंगमध्ये थंड पाण्याच्या टाकीचा तळ बंबाच्या टाकीच्या माथ्यापेक्षा निदान एक फूट उंच हवा. फार उंचही नको. कंपनीने दिलेली मर्यादा विचारावी, कारण नळ्या टाकीत बसतात तिथे नुसत्या सिलिकॉनच्या रिंगा असतात आणि दाब वाढला की त्या गळतात. घरात प्रेशर पंप असेल तर तो या बंबाला सरळ जोडणे म्हणजे टाकी फाडून घेणे. त्यातून पळवाट म्हणून पंप फक्त थंड लाइनीला जोडतात. मग मिक्सर (गरम-थंड पाणी मिसळणारा नळ) उघडला की दाबाचे थंड पाणी गरम लाइनीत उलटे चढते आणि ‘सोलर तापतच नाही’ अशी तक्रार सुरू होते. दोष सोलरचा नसतो. गरम लाइनीवर नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह टाकला तर उलटा प्रवाह थांबतो, पण दोन्ही बाजूंचा दाब सारखा केल्याशिवाय मिक्सर नीट चालत नाही. पंपाच्या घरात प्रेशर सोसणारा बंबच घ्यावा आणि त्याचे जास्तीचे पैसे मोजावेत. हवेची नळी थंड टाकीतल्या भरल्या पाण्याच्या पातळीपेक्षा उंच न्यायची, नाहीतर तिच्यातून पाणी गच्चीवर वाहत राहते. तिच्यावर बूच कधीही मारू नये. घर बंद असताना मेमध्ये पाणी उकळते आणि वाफेला दुसरी वाट नसते.

आणि मग पाइप. यावर कोणीच बोलत नाही, पण गोव्यात गरम पाण्याचा निम्मा खेळ इथे आहे. गच्चीवरून तळमजल्याच्या न्हाणीपर्यंत १५ मीटर पाइप सहज होतो. सीपीव्हीसीचा (गरम पाणी सोसणाऱ्या प्लॅस्टिकचा) एक इंची पाइप मीटरला ०.४३ लिटर पाणी धरतो, म्हणजे १५ मीटरला साडेसहा लिटर. २० लिटरच्या कोमट बादलीला टाकीतले पाणी लागते सव्वानऊ लिटर. सव्वानऊ लिटरसाठी साडेसहा लिटर थंड पाणी आधी सोडायचे आणि नंतर तितकेच गरम पाणी पाइपात निवत ठेवायचे! पाऊण इंची पाइपात हेच चार लिटरवर येते, अर्ध्या इंचीत दोनच्याही खाली. मात्र नुसत्या उंचीच्या दाबावर अर्धा इंची पाइप करंगळीएवढी धार देतो. म्हणून खाली उतरणारी लाइन पाऊण इंची आणि शेवटचा फाटा अर्धा इंची, हा मध्यममार्ग. आंघोळी एकामागून एक उरकल्या तर पाइप एकदाच तापवावा लागतो. हा उपाय फुकटातला आहे, फक्त घरातल्या माणसांना पटवणे अवघड. गरम लाइनीला नायट्राइल रबराचे १३ मिमीचे आवरण हवे, आणि त्यावर अ‍ॅल्युमिनियमची पट्टी किंवा ऊन सोसणारी टेप. उघडे नायट्राइल इथल्या उन्हात भुगा होते. गरम पाण्याला साधा पीव्हीसी वापरलेला दिसला तर काम तिथेच थांबवावे.

गोव्याच्या पाण्याचा स्वभावही पुण्या-सोलापूरपेक्षा वेगळा. तिकडे क्षार बसून कॉइलवर पुटे चढतात. इकडच्या जांभ्या दगडातल्या विहिरीचे पाणी मऊ, पण आम्लाकडे झुकलेले आणि बरेचदा लोहाचे. पुटे बसत नाहीत, धातू खाल्ला जातो. त्यामुळे विहिरीचे पाणी असेल तर तांब्याच्या नळ्यांच्या सपाट पॅनलपेक्षा काचेच्या नळ्यांचा हाच बंब बरा, काचेला काही होत नाही. टाकीला होते. स्टेनलेस स्टील ३०४ च्या टाक्या वेल्डच्या रेषेवर टाचणीएवढ्या भोकांनी गळू लागतात, विशेषतः किनाऱ्याजवळच्या विहिरी एप्रिल-मेमध्ये मचूळ होतात तिथे. तिथे ३१६ एल (खाऱ्या पाण्यात जास्त टिकणारे स्टेनलेस स्टील) किंवा आतून काचेचा मुलामा असलेली टाकी मागावी. मुलाम्याच्या टाकीत मॅग्नेशियमची कांडी असते, टाकीऐवजी स्वतः झिजणारी. ती वर्षातून एकदा काढून बघायची. आतली तार दिसू लागली की बदलायची. कांडी काही शे रुपयांची असते, टाकी हजारोंची, तरीही ती बघायला कोणी जात नाही. बाहेरचा पत्रा पावडर कोटिंगचा असेल तर बार्देश-सासष्टीच्या किनारपट्टीत दोन-तीन पावसाळ्यांत फुगतो. स्टँड हॉट डिप गॅल्व्हनाइझ्ड आणि बोल्ट स्टेनलेस, यावर तडजोड नको.

देखभाल फार नाही. सहा महिन्यांनी टाकीचा तळ सोडून गाळ काढावा, लोहाच्या पाण्यात तीन महिन्यांनी. नळीच्या टोकाला चंदेरी डाग असतो. तो पांढरा पडला की नळीतली निर्वात पोकळी गेली. ती नळी उन्हात हाताला गरम लागते, आणि चांगली नळी बाहेरून थंड असते. बदली नळी बसवायची किंवा रिकामा बंब भरायचा तो सकाळी उजाडताना किंवा सूर्य मावळल्यावर. तापलेल्या कोरड्या नळीत थंड पाणी गेले की ती तडकते, आणि काचेच्या तडकण्याला बहुतेक वॉरंटीत जागा नसते.

बादलीच्या घराने मग काय घ्यावे? ३ लिटरचा, ३ किलोवॉटचा इन्स्टंट गीझर, तीन-चार हजारांचा. कडक थंडीच्या गावात तो हास्यास्पद ठरतो, इथे नाही. ३ किलोवॉट मिनिटाला ४३ किलोकॅलरी देतात. १३ अंशांनी भागले की मिनिटाला ३.३ लिटर, म्हणजे बादली सहा मिनिटांत. साठवण नाही, म्हणून निवण्याचा तोटा नाही. त्याची खोड व्होल्टेज. गावाकडे संध्याकाळी १९० व्होल्टवर आले तर ३ किलोवॉटचे दोनच उरतात आणि बादलीला नऊ मिनिटे लागतात. तो १३ अँपिअर ओढतो, तेव्हा १६ अँपिअरचा पॉइंट, स्वतंत्र वायर, नीट अर्थिंग आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (विजेची गळती झाली की पुरवठा तोडणारा स्विच) हवा. जुन्या चिऱ्याच्या घरात न्हाणीतल्या वायरिंगची ओल तपासल्याशिवाय तो लावूच नये.

२५ लिटरचा साठवणीचा गीझर आधीच घरात असेल तर फेकायला नको. बीईईच्या (ऊर्जाबचतीचे तारे देणाऱ्या सरकारी संस्थेच्या) लेबलवर चोवीस तासांत वाया जाणाऱ्या उष्णतेचा आकडा असतो, तो ४५ अंशांच्या फरकावर मोजलेला. गोव्यात बाहेर ३० आणि आत ६० म्हणजे फरक ३० चा, तोटा दोन तृतीयांश. थर्मोस्टॅट ५० वर आणला तर निम्म्याच्याही खाली. आंघोळीच्या आधी वीस मिनिटे चालू करून नंतर बंद करणारे घर तोही वाचवते. एक सावधगिरी मात्र हवी: कोमट पाणी दिवसेंदिवस टाकीत साठून राहिले की त्यात लेजिओनेला जिवाणू वाढू शकतात. म्हणून बरेच दिवस बंद असलेल्या टाकीतले पाणी आधी ६० अंशांवर तापवावे, मग वापरावे. सोलरलाही हेच लागू.

गॅस गीझर स्वस्त पडतो ही समजूत गोव्यात तरी टिकत नाही. १४.२ किलोच्या सिलिंडरमधून ऐंशी टक्के उष्णता पाण्यात उतरली तर ती साधारण १४५ युनिटांएवढी होते. सिलिंडर ९०० रुपयांचा धरला तर युनिटला सहा रुपयांच्या वर. शिवाय बंद न्हाणीत कार्बन मोनॉक्साइडने माणसे दगावतात. तो सोडून द्यावा.

राहिला हीट पंप. तो हवेतली उष्णता ओढून पाण्यात टाकतो आणि गोव्याची दमट उबदार हवा त्याला भलतीच मानवते, पावसातसुद्धा. एका युनिटात तीन-साडेतीन युनिटांची उष्णता. वर काढलेले ३२० लिटर, ४.८ युनिटांचे काम, तो दीड युनिटात करतो, तेही बारा महिने. किंमत मात्र साठ हजारांपासून लाखाच्या पुढे, आणि खाऱ्या हवेत फिन्सवर संरक्षक लेप नसेल तर त्या झडतात. एका घराला तो जड जातो. होमस्टेला सोलर आणि हीट पंप दोन्ही विचारात घेण्यासारखे आहेत. आठ पाहुण्यांचे ६० लिटरने ४८० लिटर, म्हणजे दिवसाला सव्वासात युनिट, आणि पर्यटकांचा हंगाम ऑक्टोबर ते मे म्हणजे नेमका उन्हाचा. तिथे २०० लिटरचा एक सोलर कमी पडेल, दोन लागतील, किंवा एक सोलर आणि पाठीशी हीट पंप. गच्चीवर जागा एकच असेल तर केंद्राच्या पीएम सूर्यघर योजनेखाली वीज बनवणारी पॅनेल आधी. घरगुती जोडणीवर त्यांना ३ किलोवॉट किंवा त्याहून जास्त असल्यास ७८ हजारांची सबसिडी आहे, बंबावरची केंद्राची सबसिडी २०१४ मध्येच थांबली. शिवाय पॅनेलची वीज फ्रिज-पंख्यालाही चालते, बंबाची उष्णता न्हाणीबाहेर कुणाच्या कामाची नाही.

शॉवरचे मोठे कुटुंब असेल, स्लॅब असेल आणि १५ मीटरच्या आत न्हाणी असेल तर हा २०० लिटरचा नग घ्यावा. बिलावर टाकीचे स्टील कुठल्या प्रतीचे, नळ्या सोडून टाकीत किती लिटर, आयएस १६५४४ चा (काचेच्या नळ्यांच्या सोलर बंबाच्या भारतीय मानकाचा) उल्लेख, आणि वॉरंटीत टाकी गळाली तर खाली उतरवण्याची व पुन्हा चढवण्याची मजुरी कोणाची, इतके लिहून घ्यावे. बसवून घ्यायचा तो ऑक्टोबरात, दिवाळीच्या अभ्यंगाआधी. मेमध्ये घेतला तर पहिले चार महिने नळ्यांवर शेवाळच बघत बसावे लागते.